लालबाग-परळ: तुमच्या खोलीपर्यंत कुठल्या गिरणीचा भोंगा यायचा?

पोटमाळा (सोमवार, रात्री १०:१५)

बाबा यंदा चौऱ्याऐंशी पूर्ण करतील. गेले चार महिने ते पहाटे उठून बसतात आणि विचारतात, "भोंगा झाला काय गो?" आम्ही आता डोंबिवलीला असतो. सुरुवातीला मी "बाबा, झोपा, इथे कसला भोंगा" म्हणायचे. मग ते कावरेबावरे व्हायचे, पलंगाखाली चपला शोधायचे. आता "अजून वेळ आहे" म्हणते, तेव्हा पडून राहतात.

आम्ही १९८९ पर्यंत गणेश गल्लीच्या मागे एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. ८२ चा गिरणी संप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. भोंगा मला आठवतो, पण झोपेत ऐकलेल्या आवाजासारखा. किती वाजता व्हायचा, एकदा की दोनदा, काहीच धड सांगता येत नाही. त्या पट्ट्यात जाम, दिग्विजय, फिनले, इंडिया युनायटेड इतक्या गिरण्या होत्या. आमच्या खोलीपर्यंत यायचा तो कुणाचा?

बाबांना काहीतरी खरं सांगता यावं म्हणून विचारतेय. भोंग्याचंच नाही, तेव्हाच्या लालबाग-परळचं जे आठवेल ते लिहा. मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

लालडबा

वाचतोय. परळ भोईवाड्यात बालपण गेलं. आमच्याकडे टाटा मिलचा यायचा असं वडील सांगत. जाणकार लिहितीलच.

काळाचौकीकर (सोमवार, रात्री ११:४०)

ताई, बाबांना नमस्कार सांगा. मी ७४ ते ८२ बदली कामगार होतो, त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात. आठवतं ते लिहितो.

पाळ्या तीन. पहिली सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सकाळी सात. आमच्या गिरणीचा पहिला भोंगा साडेसहाला व्हायचा आणि दुसरा सातला पाच कमी असताना. पहिला घराला उद्देशून, दुसरा पायांना. दुसरा ऐकू आला आणि तुम्ही अजून रस्त्यात असलात तर पळायचं. गेट बंद झालं की खाडा.

बदली म्हणजे काय ते आजच्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचा तो बदली. रोज पाळीच्या आधी खात्याच्या दारात उभं राहायचं. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येऊन बोट दाखवेल तो आत, बाकीचे घरी. महिन्यात बारा दिवस भरले तरी आम्ही खूश असायचो. काम नाही मिळालं की मी लगेच घरी जात नसे. आईला कळू नये म्हणून भारतमाता टॉकीजच्या बाहेर पोस्टरं बघत उभा राहायचो. तिथली सगळी मराठी चित्रपटांची पोस्टरं मला पाठ झाली होती. तिकिटाला पैसे नसायचे.

तुमच्या चाळीत कुणाचा भोंगा यायचा हे चाळ नक्की कुठे होती त्यावर. प्रत्येक गिरणीचा आवाज वेगळा. एक घोगरा, एक चिरका, एक वाजता वाजता खाली उतरणारा. मे महिन्यातली सकाळ आणि पावसाळी सकाळ यांतही फरक पडायचा. पावसात लांबचा भोंगा जवळ आल्यासारखा वाटायचा.

माणदेशी

काळाचौकीकर काका, "पहिला घराला, दुसरा पायांना" वाचून अंगावर काटा आला.

आमचे आबा सातारा जिल्ह्यातले. १९५८ ते ८२ परळला. आई आणि आम्ही भावंडं गावीच. खोली गाववाल्यांची. दहा बाय बारात सोळा-सतरा माणसं, पण एका वेळी पाच-सहाच झोपायची कारण पाळ्या तीन. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरली. आबा म्हणायचे, पथारी कधी गार झाली नाही. ट्रंका भिंतीला लावलेल्या, त्यावर ज्याचं त्याचं नाव आणि गाव रंगवलेलं.

मी पहिल्यांदा मुंबईला आलो ते आठ वर्षांचा असताना, मे महिन्यात. आबांना ऐकायला कमी येतं असं मला वाटलं, कारण ते ओरडून बोलायचे. मग बघितलं तर खोलीतले सगळे साचेवाले तसेच बोलायचे. साच्यांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, तेव्हा हातवारे आणि ओठ बघून बोलायची त्यांना सवय. दोन साचेवाले रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला, मधून बस जात असताना, एक शब्द न उच्चारता "पगार झाला का, गावाला कधी" एवढं सगळं बोलायचे. तुमच्या बाबांना विचारा, त्यांना अजून येत असेल.

पोटमाळा

माणदेशी, येतं! आईशी ते गॅलरीतून खालच्या नळापर्यंत असंच बोलायचे. आम्हाला ती फक्त आईबाबांची खूण वाटायची. हे साचेखात्यातून आलंय हे मला आज, वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

त्रिफळ (मंगळवार, दुपारी ३:०५)

माझ्या आईची खानावळ होती. लिहायला बसले की थांबणार नाही, आधीच सांगते.

आम्ही मालवणकडचे. वडील गिरणीतच, पण छातीच्या दुखण्यानं लवकर घरी बसले. रुईचा तूस आयुष्यभर नाकातोंडात गेला. मग आईनं खाणावळी धरले. बावीस माणसं. एकच खोली, त्यात आम्ही पाच जण आणि ही बावीस. पाळीप्रमाणे पंगती लागायच्या. पहिल्या पाळीवाल्यांचे डबे सकाळी, दुसऱ्या पाळीवाले दुपारी अडीचला जेवून निघायचे, पहिली पाळी सुटलेले चारला यायचे, आणि तिसरीवाले रात्री अकराला. आई दिवसातून चार वेळा भात लावायची. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. सोमवारी उपास करणारे वेगळे, मंगळवारी गणपतीवाले वेगळे, श्रावणात तर प्रत्येकाचा वेगळा नेम. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण कुणाचा कुठला उपास आणि कुणाकडे किती बाकी हे सगळं तोंडपाठ.

पैसे पगार झाल्यावर मिळायचे, दहा-अकरा तारखेला. तोवर वाणी उधार द्यायचा आणि व्याजानं पैसे देणारेही होतेच. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सुरुवात चौदा बायकांनी झाली. त्यांच्यामुळे बँकेचं कर्ज या बायकांना मिळू लागलं. आई दोन वर्षांनी त्यात गेली. बँकेत पहिल्यांदा अंगठा उठवून आली त्या दिवशी तिनं नवीन लुगडं नेसलेलं मला आठवतं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आमच्या घरात भोंग्यावर कुणी उठत नसे. आई साडेतीनला उठायची.

गुलमोहर

धागा सुंदर चाललाय, तरीही थोडं वेगळं लिहिते. मी लोअर परळच्या चाळीत वाढले आणि तिथून सुटले याचा मला आजही आनंद आहे. एका मजल्यावर वीस खोल्या आणि टोकाला चार संडास. सकाळी बालदी घेऊन रांगेत उभं राहायचं. मोठं झाल्यावर मुलींना आंघोळीला घरातल्या मोरीचा पडदा, आणि खोलीत चार पुरुष बसलेले. पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर वसुलीला पठाण उभे, कोपऱ्यावर गुत्ता. माझी मावशी गेटवर जाऊन उभी राहायची, नवऱ्याच्या हातातून पाकीट आधी आपल्या हातात यावं म्हणून.

त्या गजबजाटाला आपण आज "जिवंतपणा" म्हणतो. तो होता, नाकारत नाही. पण त्याची किंमत बहुतेक बायकांनी मोजली.

त्रिफळ

गुलमोहर, एकही शब्द खोटा नाही. माझी आई त्रेपन्नाव्या वर्षी गेली. पण तिला कुणी बिचारी म्हटलेलं तिला चाललं नसतं. बावीस पुरुष तिच्या समोर आवाज चढवून बोलत नसत. हेही त्याच खोलीत होतं.

डिलाईलरोड (मंगळवार, रात्री ९:३०)

दोघींचंही पटतं. गुलमोहर म्हणतात ती किंमत खरी. पण लढून मिळवलेलंही बरंच होतं. साधी रविवारची सुट्टी घ्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागली. आपण रविवारी उशिरा उठतो ती या वस्तीची कमाई आहे. ना. म. जोशींनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, त्यातून रात्रशाळा, वाचनालयं, परळचं दामोदर नाट्यगृह आलं. आमच्या रस्त्याला पुढे त्यांचंच नाव दिलं, तरी आम्ही डिलाईल रोडच म्हणत राहिलो.

दामोदरला कामगारांची नाटकं व्हायची. दिवसा साच्यावर असलेला माणूस रात्री राजा. आमच्या शेजारचे काका स्त्रीभूमिका करायचे आणि तिसऱ्या पाळीला जाताना घाईत कधीकधी भुवयांचं काजळ तसंच राहायचं. खात्यात कुणी हसत नसे, उलट "प्रयोग कसा झाला" विचारायचे.

आणि शाहीर! अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक इथलंच. वडील सांगायचे, अमर शेखांना लाऊडस्पीकर लागत नसे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना पाळी सुटलेली माणसं डबा हातात घेऊनच जायची.

लालडबा

गणपतीचं कुणी लिहिलं नाही अजून?

चिंचपोकळीचा १९२०, गणेश गल्लीचा १९२८, लालबाग मार्केटचा, म्हणजे आताचा लालबागचा राजा, १९३४. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला. मग कोळी बांधवांनी आणि व्यापाऱ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि गणपती बसला. आता लोक देशभरातून येतात. आमच्या लहानपणी आम्ही शाळेतून येताना दप्तरासकट आत जाऊन नमस्कार करून यायचो, दोन मिनिटांचं काम. देखावे बघायला मात्र रात्रभर फिरायचो. गणेश गल्लीचे देखावे म्हणजे पर्वणी, अख्खं देऊळच उभं करायचे.

मंडपाच्या मागे डबलबारी भजनं. दोन बुवा समोरासमोर, पखवाज, झांजा, पहाट व्हायची. कोकणातली पोरं बाल्या नाच करायची, घाटावरची मंडळी लेझीम. आणि ज्यांना गावी जायचं त्यांची एसटीसाठी रांग. माझ्या आजोबांच्या वेळी भाऊच्या धक्क्यावरून बोट होती. कोकण रेल्वे यायला १९९८ उजाडलं.

काळाचौकीकर

लालडबा, देखाव्यांचा मान चिंचपोकळीलाही द्या, नाहीतर तिथली मंडळी धाग्यावर येतील.

चिंतामणी_भक्त

आलोच आहोत! चिंचपोकळीचा चिंतामणी सगळ्यात आधीचा, बाकी सगळे मागून. :)

माणदेशी

इथे भांडण लागलं की लालबागच्या नाक्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं.

हळदीचं_पान (बुधवार, सकाळी ११:२०)

अवांतर, पण मसाल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गॅलरीत मिरच्या वाळत पडायच्या. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. धणे, दगडफूल, नाकेश्वर, मसाला वेलची, सगळं आई निवडून, भाजून न्यायची. लालबागच्या डंखांवर रांग. लोखंडी डंख वर-खाली व्हायचे आणि बायका पदरानं नाक झाकून समोर बसून राहायच्या. आपला मसाला दुसऱ्याच्यात जाऊ नये म्हणून तिथून हलायचं नाही. आम्ही मुलं शिंकून शिंकून बेजार. त्या चार दिवसांत बसमधून जाणाऱ्या परक्या माणसालाही लालबाग आलं हे डोळे मिटून कळत असे. आजही मसाला मी तिथूनच करून आणते. विरारहून दोन गाड्या बदलून जाते.

न्यूजर्सीची_मावशी

हळदीचं पान, माझ्या फ्रीजमध्ये तो मसाला आहे. आईनं पाठवलेला शेवटचा डबा. तळाला चार चमचे उरलाय, तो मी वापरत नाही.

गुलमोहर

मावशी 🙏

पोटमाळा (बुधवार, रात्री १०:५०)

रोज रात्री बाबांना दोन-तीन प्रतिसाद वाचून दाखवते. दामोदरचं ऐकून स्वतःहून बोलले, "मी पडदा ओढायचो तिथे." हे आम्हाला माहीतच नव्हतं!

संपाचं कुणी सविस्तर लिहिलं नाही. मीच टाळत होते. पण बाबा विचारतात, "पुढे काय लिहिलंय त्या काळाचौकीवाल्यानं?"

काळाचौकीकर (गुरुवार, सकाळी ६:१०)

बाबांनी विचारलंय म्हणून लिहितो.

१८ जानेवारी १९८२, सोमवार. अडीच लाखांच्या आसपास माणूस संपावर गेला. आधी बोनसचा वाद पेटला होता, आणि मान्यताप्राप्त संघटनेवर कामगारांचा विश्वास उरला नव्हता. कायद्यानं तीच संघटना बोलणी करणार, मग आमचं कोण ऐकणार? म्हणून लोक कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांकडे गेले. दुसऱ्या कारखान्यांत त्यांनी मोठी पगारवाढ मिळवून दिली होती. आम्हाला वाटलं दोन महिने, फार तर तीन.

पहिले दिवस सणासारखे होते. कधी नव्हे ते सगळे पुरुष सकाळी घरी. कॅरम, भजन, सभा. होळीनंतर माणसं गावाला जायला लागली, ट्रंक घेऊन. ट्रंक घेऊन गेलेला परत येणार नाही हे कळायचं. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या दिसू लागल्या. मी बदलीच होतो, मला कुणी परत बोलावलंच नाही. भायखळ्याला भाजीची गाडी लावली, मग सेक्युरिटीत गेलो. संप मागे घेतला असं कधी कुणी जाहीर केलं नाही. तो तसाच राहिला.

भोंगा मात्र एकदम बंद झाला नाही. काही गिरण्या थोड्या माणसांवर सुरू झाल्या, त्यांचा वाजायचा. पण मी घरी असताना तो ऐकू आला की आई रेडिओ मोठा करायची. मी सव्वीस वर्षांचा होतो. तिला वाटायचं मला वाईट वाटेल. वाटायचंच.

माणदेशी

आबा एप्रिल ८२ मध्ये गावाला आले. ट्रंक घेऊनच. काका, तुमचं वाक्य वाचून मी अडगळीत जाऊन ती बघून आलो. नाव अजून वाचता येतं.

त्रिफळ

संपात खानावळी बुडाल्या. आईनं सात महिने उधारीवर जेवू घातलं. "आज ह्यांका उपाशी धाडू तर उद्या तोंड खंय दाखवू" म्हणायची. बांगड्या गेल्या, मग मोठी भांडी गेली. बावीसातले अकरा जण गावी गेले ते बाकी तशीच ठेवून. आईनं कुणाला पत्र घातलं नाही. त्यातला एक ९१ साली आला. पिशवीत आमसुलं होती, पैसे नव्हते. आईनं त्याला आधी जेवायला वाढलं.

डिलाईलरोड

गेल्या महिन्यात त्याच रस्त्यानं गेलो. जिथे कापूस उतरायचा तिथे काचेच्या इमारती आणि हॉटेलं. चिमणी कुठेकुठे दिसते. काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या जागेवर वस्त्रोद्योगाचं संग्रहालय होतंय, तिथे मुलाला घेऊन जायचंय. बाकी जिथे काही उरलं नाही तिथे मी त्याला बोट दाखवून सांगतो, इथे गेट होतं, इथे तुझे आजोबा उभे राहायचे.

लालडबा

मूळ प्रश्न राहिलाच. पोटमाळा, मला एक सुचतं. गिरणीच्या भोंग्याचा आवाज कुठे ध्वनिमुद्रित मिळाला तर पहाटे बाबांना ऐकवून बघा?

गुलमोहर

नको हो. ते खरंच चपला घालून निघतील.

काळाचौकीकर

गुलमोहर यांच्याशी सहमत. भोंगा ऐकला की पाय थांबत नाहीत, मला माहीत आहे.

पोटमाळा (शनिवार, सकाळी ७:३०)

काल रात्री बाबांना सगळा धागा वाचून झाला. मग सरळ विचारलं, "बाबा, आपल्या खोलीत कुठल्या गिरणीचा भोंगा यायचा?"

म्हणाले, "तीन-चार यायचे. आपला कुठला ते कळायचं, पोराचं रडणं कळतं तसं. पण मी भोंग्यावर कधी उठलो नाही. तुझी आई स्टोव्हला पंप मारायची त्या आवाजानं उठायचो. पडल्या पडल्या तिला विचारायचो, भोंगा झाला काय गो? ती म्हणायची, व्हायचाय अजून, चाय घ्या."

आईला जाऊन फेब्रुवारीत दोन वर्षं झाली.

चार महिने मी त्यांना वेळ सांगत होते. आज पहाटे त्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "व्हायचाय अजून, चाय घ्या." आणि उठून खरंच चहा ठेवला. सव्वापाच वाजले होते. बशीत ओतून प्यायले, कप विसळून ठेवला आणि परत झोपले. अजून झोपलेत.

त्रिफळ

आलं किसून घाला चहात. बाबांका माझो नमस्कार सांगा.

हळदीचं_पान

सकाळी सकाळी रडवलंत. मी आईला फोन लावते.

काळाचौकीकर

ताई, बाबा किती साचे सांभाळायचे?

पोटमाळा

चार म्हणाले. शेवटची सहा वर्षं.

काळाचौकीकर

चार साचे म्हणजे कसबी माणूस. आमच्या त्रासनवाल्यांना साचेवाल्यांचा दरारा असायचा. माझा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. त्यांना बोलायचं असेल तर फोन लावून द्या. पहाटे पाचला लावलात तरी चालेल, मी जागाच असतो.